कॅसेटी भंगारात घालायच्या आधी एकदा वाजवून बघा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

तुमचा पेपर मी गेली तीस-पस्तीस वर्षं वाचतोय पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या. जागा नसेल तर मधलं कापा, शेवटी जी विनंती केलीय तेवढी मात्र राहू द्या.

विषय घरातलाच आहे. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही माळा आवरायला काढला. घर जुनं, पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडलाय पण मागची खोली अजून पत्र्याचीच, तिच्या माळ्यावर वीस वर्षांत कुणी हात घातला नव्हता. काय काय निघालं तिथनं! अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, एचएमटीचं घड्याळ निघालं. मर्फीचा रेडिओ निघाला आणि त्याच्या मागच्या पुठ्ठ्यात खोचून ठेवलेलं लायसनचं पुस्तक निघालं. आताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात वर्षाला १५ रुपये भरून लायसन घ्यावं लागायचं, त्या पुस्तकात तिकिटं चिकटवून शिक्का मारून द्यायचे, ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. माझा पहिला मोबाईल नोकिया ११०० निघाला, बॅटरी फुगलेली. आणि सगळ्यात मागं, विरलेल्या चादरीत गुंडाळलेला नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकाच पेटीत, आणि त्याच्याशेजारी बुटाच्या खोक्यात एकोणीस कॅसेटी.

भंगारवाला दारातच होता. पोरगा म्हणाला बाबा द्या आता हे सगळं, किती दिवस सांभाळायचं. त्याचंही चुकीचं नाही, घरात जागा किती असते. मीच उचलून दिलं एकेक. टू-इन-वन काट्यावर साडेतीन किलो भरला. कॅसेटींना मात्र तो भाव देईना, म्हणाला काका ह्याला कोण घेतंय, फुकट देत असाल तर टाकतो पोत्यात. आणि त्यानं खोकं उचललं तसं वरच्या कॅसेटीवरचं अक्षर दिसलं. माझंच अक्षर, शाळेतलं, निळ्या शाईचं. ‘आई – दादासाठी’.

मी खोकं त्याच्या हातातनं काढून घेतलं, आणि मग टू-इन-वन पण परत घेतला, कारण कॅसेट वाजवायची कशावर.

आता त्या कॅसेटीचं सांगतो. माझा थोरला भाऊ १९८२ ला कुवेतला गेला फिटर म्हणून. आमच्या गल्लीत तेव्हा फोन एकच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, आणि परदेशात बोलायचं म्हणजे कॉल बुक करून बसायचं, मिनिटाला जे पैसे पडायचे ते ऐकूनच आई नको म्हणायची. पत्र जायला पंधरा-वीस दिवस, उत्तर यायला तेवढेच. त्यात आईला लिहिता येत नव्हतं. तिचं पत्र मी लिहायचो, आणि मी काय लिहायचो तर ‘आम्ही सर्व खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव’. ती तासभर सांगायची आणि मी चार ओळीत उरकायचो, चौदा वर्षाच्या पोराला खेळायला जायची घाई. त्या पत्रांत आई कुठंच नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

१९८४ ला दादा पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा हा टू-इन-वन घेऊन आला. आमच्या गल्लीतला पहिला. बायकापोरं दारात गोळा झाली. दादानं कोरी सोनीची सी-६०, म्हणजे साठ मिनिटांची, कॅसेट घातली, दोन बटणं एकदम दाबली, प्ले आणि ते लाल ठिपक्याचं, आणि म्हणाला बोला आता काय बोलायचं ते. कुणी बोलेना. मग शेजारच्या काकूंनी एक गाणं म्हटलं, पोरांनी पाढे म्हटले, आणि दादानं ते मागं फिरवून ऐकवलं तर सगळी गल्ली गप्प. आपला आवाज बाहेरून ऐकायची ती पहिलीच वेळ होती सगळ्यांची. काकू म्हणल्या, ह्यो माजा आवाज न्हाईच.

तेव्हापासनं आमच्याकडं पत्रं बंद झाली आणि कॅसेटी सुरू झाल्या. इकडून जाणारं कुणी असलं, गुलबर्ग्याचं असू दे नाहीतर पंढरपूरचं, त्याच्याबरोबर शेंगा चटणीचा डबा आणि कॅसेट जायची. तिकडून कुणी आलं की दादाची कॅसेट यायची. आई रेकॉर्डरसमोर बसली की आधी डोक्यावर पदर घ्यायची, मोठ्या माणसासमोर बसल्यासारखी. ती विड्या वळायची, दिवसाला हजार विड्या झाल्याशिवाय ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेत, जाता यायचं नाही, म्हणून मांडीवरचं सूप काही खाली ठेवायची नाही, बोलत बोलत हात चालूच. त्यामुळं तिच्या प्रत्येक कॅसेटीत तिच्या आवाजाखाली पान कापायची कात्री ऐकू येते. कचक, कचक. शेजारी दोन माग होते, त्यांची खटखट पण आहे. दादा कुवेतहून सांगायचा की मला त्या कात्रीचा आवाजच जास्त आवडतो, खोलीवरची सगळी पोरं ऐकतात, तेलंगणातली दोघं होती, त्यांच्या आयाही विड्याच वळायच्या.

पुढं ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. तेव्हाची पोरं आता पन्नाशीला आलीत, बाकीच्यांनी ऐकलंही नसेल. पावणेदोन लाखाच्या आसपास भारतीय तिथं अडकले होते आणि त्यांना जॉर्डनमधल्या अम्मानवरनं एअर इंडियाच्या विमानांनी आणलं, दोन महिने ते चालू होतं. त्यात दादा एक. वाळवंटातनं बसनं, ट्रकनं अम्मानपर्यंत आला. आठ वर्षांची कमाई, सामान, बँकेतले पैसे, सगळं तिथंच राहिलं. सप्टेंबरात सोलापूर स्टेशनवर उतरला तेव्हा खांद्याला एक पिशवी होती. त्या पिशवीत पासपोर्ट, दोन शर्ट आणि ह्या कॅसेटी. आईनं विचारलं, अरं सोन्याची साखळी हुती तुजी, ती न्हाई आणली? तो काही बोलला नाही.

आई १९९७ ला गेली. दादा २०१६ ला. आणि त्या कॅसेटी मी भंगारवाल्याला देत होतो.

आता खोकं तर परत घेतलं, पण टू-इन-वन चालू होईना. लाईट लागला, रेडिओ खरखरला, पण प्लेचं बटण दाबलं की आत मोटर फिरल्याचा नुसता गूं गूं आवाज आणि कॅसेट जागची हलत नाही. घेऊन नवी पेठेत गेलो. जिथं आधी ओळीनं रेडिओ-टेपवाले होते तिथं आता सगळे मोबाईलवाले आहेत, पोरं हुशार आहेत, बोटाएवढ्या बोर्डावर भिंगातनं काम करतात, पण टेप म्हटलं की हसायची. एकानं तर सांगितलं काका नवीन ब्लूटूथ स्पीकर घ्या ना. त्याला काय सांगू, त्या स्पीकरवर माझी आई बोलणार आहे का.

चार दिवस फिरल्यावर एका बोळात एक मास्तर सापडले. सत्तरीच्या पुढचे, नाव लिहीत नाही कारण त्यांनीच नको म्हटलंय. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात आता. टू-इन-वन बघितल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, स्टुलावर पालथा घातला, मागचे सहा स्क्रू काढले आणि झाकण उघडून मला म्हणाले, वास घ्या. जुन्या टेपला एक वास असतो, गरम धूळ आणि रोझिन, म्हणजे डाग देताना लागते ती राळ, तो वास आला आणि मला एकदम आमचं १९८४ चं घर आठवलं.

आत त्यांनी दाखवलं की मोटर आणि मधलं चाक यांना जोडणारा जो रबरी बेल्ट असतो तो वितळून गेलाय. वितळून म्हणजे अक्षरशः डांबर झालं होतं. काळं, चिकट, बोटाला लागलं की साबणानंही निघत नाही. हे रबर तीस-चाळीस वर्षांनी असंच होतं म्हणाले, मशीन वापरा नाहीतर ठेवून द्या, बेल्ट मरतोच, आणि लोक समजतात मशीन गेली. मशीनला काही झालेलं नसतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा तास ते डांबर काढत बसले, चाकाच्या खाचेतनं, कण न् कण. नवा बेल्ट सोलापुरात मिळाला नाही. सायकलच्या ट्यूबची चकती कापून लावतात काही जण, पण मास्तर म्हणाले त्यानं आवाज लहरतो, माणूस रडल्यासारखा बोलतो. म्हणून मुंबईला लॅमिंग्टन रोडवरनं मागवला, पंधरा दिवस लागले.

तेवढ्या पंधरा दिवसात मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसायचो. खूप शिकलो. कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ ला काढली. आतली टेप चार मिलिमीटरपेक्षा अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर ह्या चालीनं हेडवरनं, म्हणजे आवाज वाचणाऱ्या तुकड्यावरनं, सरकते, सी-६० मध्ये साधारण ९० मीटर टेप. त्या टेपवर लोखंडाच्या ऑक्साईडचा, म्हणजे एक प्रकारच्या गंजाचाच, थर असतो आणि आपला आवाज त्या थरात चुंबकानं लिहिलेला असतो. आई बोलली तो कंप त्या कणांत तसाच बसलाय. मला हे ऐकून काय वाटलं ते लिहिता येत नाही. मास्तर पुढं म्हणाले की म्हणूनच जुन्या सी-९० पेक्षा सी-६० बऱ्या निघतात, सी-९० ची टेप पातळ, ती अडकते, ताणते.

मास्तरांनी रेडिओपण उघडून बघितला, मर्फी. पाठीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूनं सर्किटचा नकाशा चिकटवलेला. कंपनीच देत होती. म्हणजे हे बिघडणार, कुणीतरी उघडणार, त्याला नीट समजावं, असं धरूनच ती वस्तू बनवलेली. बीईएलचा, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, १८८ नंबरचा ट्रान्झिस्टर त्यांच्या डब्यात अजून आहे, पाच-सहा नग, काढून दाखवले, आपल्या देशात बनलेले, ह्याच्यावर आख्ख्या महाराष्ट्राचे रेडिओ चालले म्हणाले. आणि मग माझ्या पोराचे ते कानात घालायचे इअरबड हातात घेऊन फिरवून फिरवून बघितले आणि परत दिले. स्क्रूच नाही त्याला. बॅटरी दमली की फेकून द्यायचं, दोन-तीन वर्षांत. मला ह्याचा राग येतो, खरंच येतो. आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली म्हणून टाकली असं झालं नाही. सरकारनं डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल सुरू केलंय, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथं द्यावी म्हणून. चांगलं आहे, पण पोर्टलवर माहिती असून काय करायचं, ज्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर शोभतो ती माणसं मिक्सर दुरुस्त करतायत आणि त्यांच्यामागं शिकणारं कुणी नाही.

जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. एसटीडी बूथच्या बाहेर रात्री रेट कमी व्हायची वाट बघत उभं राहायचं आणि आत गेल्यावर बोलण्याऐवजी त्या लाल आकड्यांकडं बघत बसायचं, ते परत नको. फोनसाठी नंबर लावून वर्षं काढली लोकांनी, तेही नको. रोल धुवून आल्यावर ३६ मधले दहा फोटो काळे, लग्नातला नेमका अक्षतांचा फोटो नाही, असं आमच्या घरात झालंय. आज माझी नात पुण्याहून रोज व्हिडिओ कॉलवर दिसते, ते दादाला मिळालं असतं तर त्यानं काय दिलं नसतं. पण अण्णांचं एचएमटी मी चावी दिली आणि चालू झालं. वीस वर्षं माळ्यावर, उन्हाळ्यात वर पत्रा तापून भट्टी होते, तरी. दहा चाव्या दिल्या आणि कानाला लावलं तर टिकटिक. ते सरकारी कारखान्यात बनलेलं घड्याळ, तो कारखानाही आता बंद झाला, २०१६ ला. गिरणीच्या बोनसमधनं घेतलेलं अण्णांनी. रोज सकाळी आंघोळीच्या आधी चावी द्यायचे, आमच्या कुणाच्या हातात देत नव्हते.

अण्णांची गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते.

अण्णांचीपण एक कॅसेट होती. ते फार बोलायचे नाहीत, पण १९८६ च्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी दादाला यायला जमलं नाही म्हणून त्यांनी पूर्ण एक बाजू भरून सिद्धेश्वराची यात्रा सांगितली होती. सात नंदीध्वज कसे निघाले, अक्षता सोहळ्याला किती गर्दी, होम मैदानावर कुठला पाळणा नवीन आलाय, रेवड्यांचा भाव काय. ‘हर्र बोला हर्र’ करून ओरडले होते मध्येच, आम्ही सगळे हसलो होतो. जाणकारांना माहितीय, कॅसेटीच्या पाठीला दोन बारीक प्लास्टिकच्या कळ्या असतात, त्या मोडल्या की त्या कॅसेटीवर परत रेकॉर्डिंग होत नाही. आईच्या सगळ्या कॅसेटींच्या कळ्या दादानं मोडून ठेवल्या होत्या. अण्णांच्या कॅसेटीच्या पण. पण त्या जागी सेलोटेप चिकटवला की परत रेकॉर्ड होतं. १९९२ ला मला रेडिओवरची गाणी भरायला कोरी कॅसेट हवी होती, दुकानात पंचवीस-तीस रुपये, हातात पैसे नाहीत, खोक्यात हात घातला, जी आली तिला सेलोटेप लावला. अण्णा तेव्हा घरातच होते, आवाज रोज ऐकू येत होता, मग कॅसेटीत कशाला सांभाळायचा, असंच वाटलं असणार. दीड वर्षात ते गेले. ती कॅसेट आजही आहे. तिच्यावर माझी सिनेमाची गाणी आहेत, मध्येमध्ये निवेदकाचा आवाज कापलेला. त्याच्याखाली अण्णांची यात्रा होती आणि ती माझ्या हातानं पुसली गेली, ती परत येत नाही, मास्तरांना मी तीनदा विचारलं.

बेल्ट आला तेव्हा मी घरच्यांना घेऊन गेलो नाही, एकटाच गेलो. मास्तरांनी बेल्ट चढवला, हेड स्पिरिटनं पुसलं, रबरी रोलर पुसला. आईची कॅसेट हातात घेऊन उजेडात धरली. आत टेपच्या मागं तांब्याच्या पट्टीवर एक छोटी नमद्याची गादी असते, टेपला हेडवर दाबून धरायला, ती पडली होती, गोंद सुकून. पाच बारके स्क्रू काढून कॅसेट उघडली, माझ्या त्या गाण्यांच्या कॅसेटीतली गादी काढून हिच्यात बसवली, चिमट्यानं. मग वाजवायच्या आधी पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घेतली, इतकी वर्षं गुंडाळलेली टेप एकमेकीला चिकटून बसलेली असते, एकदम वाजवली तर तुटते. आणि मग प्ले दाबलं.

आधी आवाज बसका, गोधडीखालनं आल्यासारखा. मास्तरांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडच्या बाजूचा एक स्क्रू केसभर फिरवला. आणि कात्री. कचक, कचक, एकदम स्वच्छ, दुकानात कुणीतरी पान कापायला बसल्यासारखी. आणि आई.

“आरं ऐकू येतंय का तुला. जेवतूस का येळंवर. हिकडं समदं बरं हाय. चटणी दिलीया त्या पोरापाशी, डब्याचं झाकान लई घट हाय बग, उन पान्यात धर म्हंजी निघंल.”

मी आईचा आवाज विसरलो होतो. असं वाटत नव्हतं की विसरलोय, पण विसरलो होतो. मला आठवत होता तो आजारपणातला, शेवटच्या वर्षातला. हा चाळिशीतल्या बाईचा आवाज, माझ्या आताच्या वयापेक्षा कितीतरी लहान.

दुसऱ्या बाजूला साधारण दहा-अकरा मिनिटांवर ती बोलता बोलता थांबते. लांबनं भोंगा वाजतो. गिरणीचा भोंगा, संपादक साहेब, दुपारची पाळी सुटतानाचा. तो हळूहळू वर चढतो आणि मग लांबवर तसाच धरून राहतो, सगळ्या गावाला ऐकू जावा असा. १८७७ ला आपल्याकडं जुनी गिरणी सुरू झाली, मग बाकीच्या उभ्या राहिल्या, शंभर वर्षं हे गाव त्या भोंग्यावर उठलं आणि त्यावर जेवलं, घड्याळ नसलेल्या घरातही वेळ चुकायची नाही. भोंगा बंद झाला त्याला किती वर्षं झाली. माझ्या पोरानं तो ऐकलेलाच नाही. आणि तो आईच्या कॅसेटीत आहे, कुणी मुद्दाम भरलेला नाही, ती बोलत होती आणि मागं तो वाजला.

भोंगा थांबतो. आई म्हणते, “भोंगा झाला बग, तुजं आण्णा येतील आता.” पुढं ती शेजारणीच्या पोरीच्या लग्नाचं काहीतरी सांगत राहते, आणि बाजू संपायला आली असताना बाहेर सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज येतो, चपला काढल्याचा, आणि लांबनं, दारातनं, “च्या झाला का गं?”

तेवढंच. चार शब्द. अण्णांच्या आवाजातलं आमच्याकडं तेवढंच आहे. मास्तरांनी न सांगता मागं फिरवून ते पाच वेळा वाजवलं.

म्हणून हे पत्र. माझी विनंती सगळ्या सोलापूरकरांना आहे. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खालच्या कपाटात घरी भरलेल्या कॅसेटी असणार. विकतच्या गाण्यांच्या सोडा, ती गाणी मोबाईलवर मिळतात. ज्याच्यावर हातानं लिहिलंय त्या बघा. आणि ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्या आधी बघा. कुणाच्या बारशातले पाळणे असतील, हळदीची गाणी असतील, जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाचं भजन, आणि आपलं गाव तर चार भाषांचं, मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू, पूर्व भागातल्या घरांमधे तेलुगूतलं काय काय असेल. त्या आवाजांच्या मागं कुठंतरी माग असतील, भोंगा असेल, टांग्याची घंटा असेल. हे दुसरीकडं कुठंही मिळणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं ४३-४४ डिग्री होतं, पत्र्याखाली तर विचारू नका, कॅसेटीचं प्लास्टिक वाकतं आणि टेप सुकते, त्यामुळं आधी त्या खाली काढून सावलीत कपाटात ठेवा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, ती दुसऱ्या कॅसेटींना लागते, जाणकाराकडून पुसून घ्या. मोबाईल स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नका, त्यात घरातला पंखाच जास्त येतो. टेपच्या हेडफोनच्या भोकातनं वायर काढून कॉम्प्युटरला जोडायची, ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात पूर्ण बाजू एका दमात उतरवून घ्यायची, मध्ये काही कापायचं नाही, खोकला नाही, शांतता नाही, काही नाही. कारण काय महत्त्वाचं ते आपल्याला आत्ता कळत नाही, मला तरी कुठं कळलं होतं. माझ्या पोरानं हे सगळं दोन रविवारी बसून केलं, तोच पोरगा. आता तो चटणीच्या डब्याचं झाकण उघडलं नाही की आजीच्या आवाजात बोलतो.

आणि तुम्हाला विनंती अशी की गावात अजून टेप, रेडिओ, व्हीसीआर दुरुस्त करणारी जी माणसं उरलीत त्यांची त्यांना विचारून एक यादी पेपरात द्या. दहा नावंसुद्धा होतील की नाही शंका आहे, पण द्या. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात पत्रकारिता शिकणारी पोरं आहेत, त्यांनी सुट्टीत ह्या मास्तरांसोबत बसून लोकांच्या कॅसेटी उतरवून दिल्या तर त्यांचाही अभ्यास होईल. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रानं लोकांनी आणून दिलेले असे आवाज अर्धा तास ऐकवले तर मी रेडिओसमोरनं उठणार नाही, मर्फी आता चालू झालाय.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, तोवर ज्यांच्याकडं कॅसेट आहे पण मशीन नाही त्यांनी माझ्याकडं या. माझा पत्ता आणि फोन तुमच्या ऑफिसात लिहून देतोय, विचारणाऱ्याला द्यायला माझी हरकत नाही. रविवारी सकाळी दहा ते एक मी घरी असतो. पैसे घेणार नाही. टू-इन-वन नीट चालतो, आणि लॅमिंग्टन रोडवरनं दोन जादा बेल्ट मागवून ठेवलेत.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर